डॉक्टर तिजानी उभे राहिले

रफ्लाने राजीनामा लिहून ठेवला होता. ट्यूनिशियातल्या केफ गावच्या सरकारी दवाखान्यात अकरा वर्षं लहान मुलांचा विभाग सांभाळणारी ती डॉक्टर. तीन आठवड्यांपूर्वी आठ महिन्यांची एक मुलगी मेंदूज्वराने तिच्या डोळ्यांदेखत गेली. चौकशीत तिची चूक निघाली नाही. पण तेव्हापासून बाळाला हात लावताना तिची बोटं गार पडत, घरी नवऱ्याचं बोलणं कानात शिरत नसे.

त्याच सुमारास ट्यूनिसहून मानसोपचारतज्ज्ञ नझीहा येऊ लागल्या. डॉक्टरांनी स्वतःला कसं जपावं, याचं प्रशिक्षण. मंगळवारी दुपारी दोन वाजता, हजेरी सक्तीची.

"श्वास घ्यायला शिकवणार म्हणे," भूलतज्ज्ञ शाकिर रफ्लाच्या कानाशी पुटपुटला. "इतकी वर्षं चुकीचाच घेत होतो की काय आपण!"

नझीहांनी खुर्च्या गोल मांडल्या. "बोलायचं नसेल तर नुसतं ऐका. कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही, एवढीच अट."

मग शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख तिजानी उठले. त्रेसष्ट वर्षांचे, समोरून येताना दिसले की शिकाऊ डॉक्टर जिना बदलत. आता हे सगळ्यांना झापून निघून जाणार, असंच रफ्लाला वाटलं.

"सलूआ," ते म्हणाले. "सात वर्षांची. पोटातला रक्तस्राव मला सापडलाच नाही. एकतीस वर्षं झाली. तिचा बाप मला म्हणाला, 'साहेब, तुम्ही फार दमलात, घरी जा.' शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बायकोलाही मी हे सांगितलेलं नाही."

एवढं बोलून ते खाली बसले.

मग शाकिरने एक नाव घेतलं. प्रसूती विभागाच्या झोहराने दोन घेतली. रफ्ला एकेकाकडे बघत राहिली. एवढं उरात घेऊन ही माणसं रोज सकाळी वेळेवर येत होती, थट्टा करत होती, लोकांना बरं करत होती!

"मलेक," ती म्हणाली आणि रडली. 'तुझी चूक नव्हती' असं कुणीही म्हटलं नाही. तिजानींनी फक्त आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "राजीनामा लिहिलास ना, पोरी?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"चेहरा सांगतो. माझे तीन पडलेत कपाटात. द्यायला निघालो, की नेमकं कुणाचंतरी अपेंडिक्स सुजायचं!"

कित्येक दिवसांनी रफ्ला हसली. राजीनामा तिने फाडला नाही, पण दिलाही नाही.

पुढच्या मंगळवारी सगळ्यांनी मिळून ठरवलं: कुणाचा रोगी दगावला, तर तासाभरात एकाने त्या डॉक्टरकडे जायचं, दुसऱ्याने त्याचं काम उचलायचं.

फेब्रुवारीत झोहराची एक बाळंतीण गेली. तिजानींनी झोहराच्या जागी माणूस धाडला आणि रफ्ला तिला शोधत निघाली. झोहरा हात धुण्याच्या खोलीत सापडली, नळ तसाच वाहत होता. रफ्लाने नळ बंद केला, टॉवेल दिला आणि शेजारी फरशीवर बसली.

"मला भूक लागलीय," झोहरा शेवटी म्हणाली. "लाज वाटते सांगायला."

"चल."

रस्त्यापलीकडच्या टपरीवर दोघींनी गरम लबलाबी मागवली. झोहराने पाव कुस्करून चण्यांच्या रश्शात टाकला, दोन घास खाल्ले आणि सांगायला लागली. रफ्ला ऐकत राहिली.