वीतभर आत

गंगाधर सरांना कॉम्प्युटरचा भारी राग. "पायानं खेळायचा खेळ, बोटं कसली बडवता?" असं ते आपल्या फुटबॉल टीमच्या मुलींना येताजाता सुनवायचे. अख्खी टीम ऑर्कुटवर होती, याचा सरांना बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता!

दोन हजार सातची जिल्हा फायनल. समोरच्या देवळाली कॅम्पच्या टीममधल्या उत्तरानं मारलेला चेंडू सरांच्या गोलकीपर रूपालीच्या हातून निसटला आणि रेषेच्या आत गेला. तिनं झडप घालून तो बाहेर ओढला. रेफ्री लांब होता, त्यानं गोल दिला नाही. सरांची टीम एक-शून्यनं जिंकली. कॅम्पवाल्यांनी हँडीकॅमवरचं शूटिंग स्पर्धेच्या कमिटीकडे नेलं, तर तिथले यादवराव खेकसले, "इथं काय लग्नाची कॅसेट बघायला बसलोय?"

रूपालीला मात्र घास गोड लागेना. मखमलाबादच्या मळ्यात आईबरोबर झेंडू तोडतानाही तोच चेंडू डोळ्यांपुढे. तिसऱ्या दिवशी ऑर्कुटवर तिच्या पानावर उत्तराचा स्क्रॅप, म्हणजे निरोप, आला, "खरं सांग, आत होता ना?" रूपालीनं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "हो. आत होता."

सरांच्या कानावर गेलं आणि त्यांचं टाळकंच सटकलं. सायबर कॅफेतून त्यांनी त्या पानाची प्रिंट काढली, 'या मुलीवर शिस्तभंगाची कारवाई करा' असा अर्ज लिहिला आणि प्रिंट जोडून कमिटीत दिला. घ्या! ज्या कॉम्प्युटरचा एवढा राग, त्याच्यावरचा पुरावा सरांनीच स्वतःच्या सहीनिशी दाखल केला. कॅम्पवाले थोडेच सोडतात? आता निकाल लावा म्हणून ते अडून बसले.

कमिटीनं रूपालीला बोलावलं. दाराबाहेर सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "पोरी, गंमत केली म्हण. कप राहील, राज्याच्या संघातली तुझी जागाही राहील. नाहीतर दोन्ही गेलं समज."

त्या जागेसाठी तिनं चार वर्षं गुडघे फोडून घेतले होते. ती आत गेली.

"गंमतच केलीस ना?" यादवरावांनी विचारलं.

"नाही साहेब. चेंडू आत होता. चांगला वीतभर."

कमिटीनं कप परत मागवला आणि येत्या रविवारी फायनल पुन्हा ठेवली. राज्याच्या यादीतून सरांनी तिचं नाव कापलं. रविवारी तिला उभं करणं मात्र त्यांना भागच होतं, दुसरी गोलकीपर होती कुठं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती मैदानावर हजर. पोरींनी तिच्याकडे पाठ फिरवली. कॅप्टन भाग्यश्रीनं तर सगळा राग पायात आणून तिच्या तोंडावरच चेंडू हाणला. रूपालीनं तो धरला. तळहात चरचरले, डोळ्यांत पाणी आलं. तिनं चेंडू परत भाग्यश्रीकडे फेकला.

"अजून जोरात मार," ती म्हणाली. "उत्तरा याहून जोरात मारते."