सान्वीच्या उजव्या पायाचा बूट

“पोरीला तपासणीच्या दिवशी नटवू नकोस, रसिका. रोज असते तशीच ने,” शेजारच्या हौसाबाईंनी बजावलं होतं. नवऱ्याच्या दिव्यांग दाखल्यासाठी त्यांनी स्वतः खेटे घातलेले. रसिका हसली. “अहो मावशी, चार डॉक्टरांसमोर काय फाटक्या बुटांत नेऊ?”

तो फाटका बूट म्हणजे मीच, मित्रांनो. वर्तकनगरच्या एका घरात, दारामागच्या रॅकमध्ये राहतो. जूनमध्ये मी आणि माझा डावा जोडीदार एकाच खोक्यातून इथे आलो. सात वर्षांच्या सान्वीचं उजवं पाऊल नीट उचलत नाही, फरफटतं. चार महिन्यांत माझं नाक झिजून त्यातून मोजा डोकावू लागला. डावा मात्र अजून नवरदेवासारखा!

तपासणीला नवे बूट गेले. पाहुणे आले की “सान्वी, चालून दाखव” म्हणायची या घराची रीतच. तिथेही तिनं श्वास रोखून दहा पावलं टाकली. “छान चालते की!” डॉक्टर म्हणाले. रसिकाचा ऊर भरून आला. मग कागद आला. दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांहून कमी. पायाच्या उपचारांसाठी सरकारी मदत नाही.

रसिका ढसाढसा रडली. हौसाबाईंनी मला रॅकमधून ओढून काढलं. “रडतेस काय? फेरतपासणी माग. आणि हा साक्षीदार ने सोबत.”

दोन आठवडे रसिकानं वहीत टिपून ठेवलं, सान्वी कधी पडली, कुठल्या पायरीवर अडखळली. फेरतपासणीच्या सकाळी तिनं आम्हालाच लेकीच्या पायांत चढवलं.

“आज रोजच्यासारखी चाल हं.”

“म्हणजे वाईट चालू?”

रसिकाचे हात माझ्या नाडीवरच थांबले. “वाईट नाही गं. ते तुझं चालणं आहे.”

डॉक्टरांसमोर चौथ्या पावलाला मी लादीला अडखळलो. सान्वी गुडघ्यावर आपटली आणि आपली आपण उठली. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी धरलं.

“एकाच दिवशी घेतलेले?”

“हो, मॅडम.”

“मग हा आधी का नाही आणलात?”

दाखला मिळाला, उपचार सुरू झाले. आता वरच्या फळीवर माझी हक्काची जागा आहे. माझ्या झिजण्याला किंमत आली, मित्रांनो!

परवा हौसाबाईंच्या एका चपलेची टाच पार झिजून गेलेली रसिकाला दिसली. “मी ठणठणीत आहे गं,” त्या म्हणाल्या. रसिकानं ऐकलं नाही, हाताला धरून दवाखान्यात नेलं.

तुमच्याही मजल्यावर कुणीतरी असंच नीट चालून दाखवत असेल. आज त्यांची बेल वाजवा. आणि दारातल्या चपलांकडे जरा बघा.