दोन दात नसलेली फणी

मित्रांनो, मी एक जुनी फणी आहे. पण माझ्या दातांतून आजवर एकही केस गेलेला नाही. मी कोर्लईची, रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या ख्रिस्ती गावातली. नाताळ जवळ आला की तिथे घरोघरी कुलकुल हा तळलेला गोड खाऊ करतात. नारळाच्या दुधात मैदा भिजवायचा, त्याची बोराएवढी गोळी फणीवर दाबून पसरायची आणि अलगद गुंडाळायची. आकार शंखासारखा होतो आणि अंगावर रेघा उमटतात. या रेघा नुसत्या शोभेला नसतात. त्यांच्यामुळे तेल अधिक जागी लागतं, कुलकुल आतपर्यंत तळलं जातं आणि पाक खाचांत धरून राहतो.

स्वातंत्र्य मिळालं त्या साली भागोजी सुताराने होडीच्या उरलेल्या सागवानातून मला कापलं. कापताना मधला एक दात उडाला. तो दुसरी फणी करून देणार होता, पण घरातली मोठी बाई इसाबेल म्हणाली, राहू दे, आमची कुलकुलं ओळखू येतील. तसंच झालं. बारीक रेघांमध्ये एक रुंद पट्टी दिसली, की ताट कुणाच्या घरचं हे गावात कुणी विचारत नसे. खाडीपलीकडे चौलला सुपारीची वाडी असलेल्या नीराबाईकडेही दरसाल एक ताट जाई. दिवाळीला तिच्याकडून करंज्या येत.

इसाबेल विधवा होती. तिला एकच मुलगा, कैतान. या घरात बोलायची भाषा वेगळी, पोर्तुगीज वळणाची आहे. तुमच्यासाठी मी ती मराठीत सांगते. कैतान कुलकुल करायला बसला, की कामापेक्षा तोंडच जास्त चालवायचा. एकदा मला उचलून म्हणाला, "माय, ही आपल्या पास्कोलीनमावशीसारखी आहे. मधला दात नाही, तरी दिवसभर चालूच." शेजारची पास्कोलीन दारातच उभी होती. तिने भिजवलेल्या मैद्याचा गोळा त्याच्या पाठीत हाणला. कैतानची नवी नवरी मार्सेलीन तेव्हा इतकी हसली, की तिच्या हातची कुलकुलं वाकडी झाली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला नाताळ.

त्याच नाताळानंतर, थंडी असतानाच, कैतान एकटा होडी घेऊन गळ टाकायला गेला. बरोबर पत्र्याचा डबा होता, उरलेल्या कुलकुलांचा. झाकण मेणकापडाने घट्ट बांधलेलं. दुपारनंतर वारा फिरला. कैतान परत आला नाही. गावाने अनेक दिवस किनारा पालथा घातला, पण होडीची फळीसुद्धा मिळाली नाही.

डबा मात्र मिळाला. झाकण घट्ट असल्याने आत हवा राहिली होती, म्हणून तो बुडाला नाही. शिमग्याच्या सुमारास तो काशीदच्या वाळूवर लागला. नीराबाईचं माहेर तिथलंच. ती सणाला गेली होती, लोकांनी डबा उघडला तेव्हा तिने आतली कुलकुलं पाहिली आणि डबा घेऊन थेट आमच्याकडे आली. तिचा हेतू चांगला होता. माणूस गेलं असेल तर घरच्यांना कळावं, असं तिला वाटलं.

ती ओटीवर बसली. तिने डबा पुढे सरकवला आणि म्हणाली, "बाय, डबा काय मी वळखत न्हाय. पण ही कुलकुलं मी दरसाल खाल्लीत."

मार्सेलीनने एक कुलकुल उचललं आणि भिंतीला टेकून खाली बसली. इसाबेल आत आली. तिने मला फळीवरून काढलं. जुन्या तुटीशेजारचा माझा दात तिने अंगठ्याखाली धरला आणि वाकवला. लाकडाचे धागे एकेक करून तुटतात, त्याचा आवाज फार लहान असतो. बाहेर कुणाला तो ऐकू गेला नसेल.

मग मला हातात धरून ती बाहेर आली. "आमची न्हायत ती," ती म्हणाली. "आमच्या फणीला दोन दात न्हायत. बघ."

नीराबाईने मला पाहिलं. जुन्या तुटीची जागा तेलाने काळी झाली होती, नवी जागा पांढरीफटक होती. नीराबाईने मग इसाबेलकडे पाहिलं आणि डबा पदराखाली घेतला. "माझीच चूक झाली, बाय. डोळं म्हातारं झालं," असं म्हणून ती निघून गेली.

तिने इसाबेलवर दया केली. पण त्या दयेत मार्सेलीन अडकली. घरच्या मोठ्या माणसाने सांगितल्याशिवाय पाद्री मेलेल्यासाठी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना म्हणणार नव्हते. मिस्सा नाही म्हणून काळे कपडे नाहीत, आणि काळे कपडे नाहीत म्हणून मोकळेपणी रडणंही नाही. मृतांच्या दिवशी सगळं गाव कबरस्तानात मेणबत्त्या लावी. मार्सेलीनला मेणबत्ती लावायला जागा नव्हती. तिने एकदोनदा मिस्सेचा विषय काढला. इसाबेल म्हणायची, "मेलेल्याला मिस्सा, जिवंताला वाट. तू वाट बघ."

त्यानंतर दर नाताळला आमच्या घरची कुलकुलं दुप्पट रुंद पट्टीची झाली. कैतानचा वाटा वेगळा काढला जाई आणि पुढे मुंग्या लागून फेकला जाई. ताटं घरोघर जात. गावातल्या प्रत्येकाला पट्टीतला फरक दिसे. विचारत कुणीच नसे. आणि मित्रांनो, ती कुलकुलं माझ्यावर दाबायला मार्सेलीनच बसत असे. पहिल्या वर्षी ती प्रत्येक गोळी दाबण्याआधी थांबे. पुढे थांबेनाशी झाली, ते मला अधिक वाईट वाटलं.

एकोणीसशे साठ साल उलटलं, त्यानंतरची गोष्ट. नाताळ चार दिवसांवर आला होता. इसाबेलने मैदा भिजवला. मार्सेलीनने चुलीवरची कढई उतरवली आणि जमिनीवर उपडी ठेवली.

"तेल का नाही ठेवलंस?" इसाबेलने विचारलं.

"माणूस गेलेलं घर त्या नाताळला तळत नाही, माय."

"कोण गेलं?"

"तुझा कैतान," मार्सेलीन म्हणाली. "आणि माझा."

इसाबेलने तिला खूप बोलून घेतलं. परक्या पोरीची जात, नवऱ्याला जिवंतपणी पुरायला निघालीस, असं बरंच काही. मार्सेलीनने उलट उत्तर दिलं नाही आणि कढईही सुलटी केली नाही. भिजवलेला मैदा आंबून गेला. गावाच्या नाकाला सगळं कळतं. तळणाचा वास ज्या घरातून येत नाही, त्या घरी शेजारी ताट घेऊन जातात. ते ताट घरातल्या मोठ्या माणसाने हातात घ्यायचं असतं. ताट घेतलं, की माणूस गेल्याचं घराने कबूल केलं.

नाताळच्या आदल्या सकाळी पास्कोलीन आली. हातात झाकलेलं ताट. ती उंबऱ्याबाहेर उन्हात उभी राहिली. मार्सेलीन चुलीपाशी बसली होती, ती उठली नाही. इसाबेल भिंतीकडे तोंड करून होती. पास्कोलीनने ताट या हातातून त्या हातात घेतलं. तिचेही हात आता म्हातारे होते.

शेवटी इसाबेल भिंतीच्या आधाराने उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिने ताट घेतलं. आत येऊन फराळ परडीत ओतला. एरवी कुणाचं ताट रिकामं परत द्यायचं नसतं. हातांच्या सवयीने तिने फळीवर काहीतरी शोधलं, पिठाच्या डब्याकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. मग रिकामंच ताट नेऊन पास्कोलीनच्या हातात दिलं. दुःखाच्या घरचं ताट रिकामं जातं. तेव्हा मार्सेलीन मोठ्याने रडली, आणि इसाबेलने तिला रडू दिलं.

आता मी फळीवर पडून असते. मार्सेलीन जेवायच्या काट्याच्या पाठीवर कुलकुल करते. मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी जुनी वस्तू असेल, तर वर्षातून एकदा तिला खोबरेल चोळा, म्हणजे ती तडकणार नाही. तिचं काय तुटलं आणि कसं तुटलं, हे सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या. आणि घरात कुणाचं रडायचं राहून गेलं असेल, तर त्याला थांबवू नका. थांबायला आम्ही लाकडं आहोत.