शुभा मागे वळते का

लग्नाआधी तीन वर्षं मृणालिनी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायला होती. काही मुलं उशिरा बोलतात, हे तिला ठाऊक होतं. पण शुभा सव्वादोन वर्षांची झाली तरी साधं 'आई' म्हणत नव्हती. हसायची, किंचाळायची, हवं ते बोटानं दाखवायची. अंधेरीच्या त्यांच्या दोन खोल्यांतला एकही डबा तिनं उघडून बघायचा बाकी ठेवला नव्हता. बोलत मात्र नव्हती. सासूबाई म्हणायच्या, अनंताचंही असंच होतं, चौथं लागल्यावर त्यानं एकदम अख्खं वाक्यच काढलं तोंडातून. शेजारच्या वनमालाबाईंनी एकदा भीत भीत विचारलं, की पोरीला ऐकू येतं ना? तेव्हा घरातल्या सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. कारण संध्याकाळी अनंत ऑफिसातून येऊन चाळीचा जिना चढायला लागला, की तो दिसायच्या आधीच शुभा हातातलं टाकून दाराकडे धावायची. ऐकू न येणारं मूल असं धावेल का?

१९५४च्या जानेवारीत मनोरीहून काशीराममामांचा निरोप आला. पोरीला बारशानंतर बघितलंच नाही, चार दिवस घेऊन ये. मृणालिनीची आई ती लहान असतानाच गेली होती. तेव्हापासून तिचं माहेर म्हणजे मामांची वाडीच. अनंतानं एका गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून दोघींना मार्व्याच्या धक्क्यापर्यंत आणून सोडलं. रविवारी न्यायला येतो म्हणाला आणि होडी सुटेपर्यंत काठावर उभा राहिला.

होडीत शुभा बसायलाच तयार नव्हती. मग तिला एक खेळ सापडला. वल्हं पाण्यात पडलं की ती फळीवर तळहात टेकायची, उचलायची, पुन्हा टेकायची. पलीकडचा काठ येईपर्यंत तिचं तेच चाललं होतं. मृणालिनी तिच्याकडे बघत राहिली. या पोरीला फळीत काय सापडलं असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिथंच राहिलं.

मामांची वाडी खाडीपासून वीस मिनिटांच्या वाटेवर होती. दीडेक एकराचा तुकडा, कडेनं नारळ, मध्ये केळी, मिरच्या, वालाच्या पापडीचे वेल, आणि मागच्या अंगाला भात कापून मोकळं झालेलं खाचर. शेवंतीमामी दारातच उभी होती. मामी बोलायला लागली की थांबायची नाही आणि तिचा आवाज तिसऱ्या वाडीत ऐकू जायचा. बोलताना तिचे हात, भुवया, मान, सगळंच बोलायचं. परक्या माणसाकडे कधी न जाणारी शुभा तिच्याकडे सरळ गेली, कडेवर बसली आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मामी खूश झाली. ती म्हणाली, माझं बोलणं इतकं मन लावून ऐकणारं या घरात हे पहिलंच माणूस.

त्या दुपारी एक गोष्ट घडली. शुभा अंगणात बसून एका भोकात खडे टाकत होती. पापडीच्या वेलांवर पोपटांचा थवा उतरला, तसा मामांनी खुंटीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि काठीनं बडवायला सुरुवात केली. ते शुभाच्या मागे जेमतेम चार हातांवर उभे होते. पोपट उडाले, कोंबड्या सैरावैरा पळाल्या, ओट्यावर डुलकी घेणारी मृणालिनी दचकून जागी झाली. शुभानं आणखी एक खडा उचलला, नीट पारखला आणि भोकात टाकला.

खेळात गुंग आहे, असं मृणालिनीनं स्वतःला सांगितलं. पण मामा डबा खाली धरून तिथंच उभे होते, आणि ते पोपटांकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी रहाट जुंपला. विहिरीवर उभं मोठं लाकडी चाक, त्यावरून खाली सोडलेली मडक्यांची माळ, आणि ते चाक फिरवायला डोळ्यांना झापड बांधून गोल गोल चालणारा बैल. मडकी भरून वर यायची, पन्हळीत रिकामी व्हायची आणि पाणी पाटातून केळींकडे धावायचं. रहाटाची कुरकुर इतकी मोठी, की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. शुभा आधी पाण्याच्या मागे धावली. मग परत आली, रहाटाच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली, गाल लाकडाला लावला आणि डोळे मिटले. बराच वेळ ती हललीच नाही. मडकं रिकामं झालं की तिच्या चेहऱ्यावर हसू यायचं. डोळे तर मिटलेलेच होते.

मृणालिनीला आणखी एका गोष्टीचं नवल वाटलं. मामा बैलाला हाक मारत नव्हते. तिच्या लहानपणी वाडीतले बैल मामांच्या आवाजावर चालत आणि थांबत. हा बैल चालवायचा तर मामा त्याच्या पाठीवर बोटांनी दोनदा टिचक्या मारत, आणि थांबवायचा तर जुवाला बांधलेल्या लाकडी दांड्यावर थाप मारत. तीही आवाज होण्यापेक्षा अंगाला जाणवण्याएवढीच. बैल जागच्या जागी थांबायचा.

तिनं विचारलं, तेव्हा मामांनी आधी बैलाला थांबवलं. रहाटाची कुरकुर बंद झाली. मग ते सांगायला लागले. तीन वर्षांपूर्वी हा खोंड त्यांनी भाईंदरकडच्या एका माणसाकडून आणला. दिसायला देखणा, अंगानं भरलेला, पण हाक मारली तर हलायचा नाही. हट्टी आहे असं समजून मामांनी वर्षभर त्याला मारलं. एकदा दिवाळीत शेजारच्या मुलांनी गोठ्याच्या मागे फटाक्यांची माळ लावली. म्हैस दावं तोडून पळाली, आणि हा मात्र शांतपणे रवंथ करत बसला होता. तेव्हा मामांच्या डोक्यात उजेड पडला.

"वर्षभर मी मुक्या जनावराला मारलं," मामा म्हणाले. "ते ऐकत नव्हतं म्हणून. त्याला ऐकू येत नव्हतं, ते काय करणार?"

 बैलाच्या मानेवरची माशी त्यांनी उगाचच दोनदा हाकलली. पोरीची गोष्ट बैलाच्या गोष्टीला कशी जोडायची, हे त्यांना कळत नसावं.

"मृणाल, एक विचारतो. रागवू नको. शुभाला ऐकू येतं ना गं?"

मृणालिनीनं लगेच उत्तर दिलं. वर्षभर तेच उत्तर सगळ्यांना देऊन तिला ते पाठ झालं होतं. "येतं की, मामा. वडिलांची पावलं ओळखते ती. ते जिन्यात असतानाच दाराशी जाते."

मामांनी विचारलं, "जिना कसला तुमचा?"

"लाकडी," ती म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडताच तिला पुढचं सगळं कळलं.

पाटावरून पलीकडे जायला माडाच्या खोडाची एक फळी टाकलेली होती. शुभा आता त्या फळीवर बसून पाण्यात पाय हलवत होती. मामा तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी जोरात टाळी वाजवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शुभा पाण्याकडेच बघत होती. मामांनी तिचं नाव घेऊन हाक मारली. मग ते फळीच्या दुसऱ्या टोकाशी गेले आणि त्यांनी त्या फळीवर पाय आपटला. आवाज टाळीपेक्षा कमीच झाला असेल, पण फळी हादरली. शुभा गर्रकन वळली आणि मामांना बघून हसली.

मृणालिनी रडली नाही. मामीनं मात्र डोळ्यांना पदर लावला आणि बोलायचं विसरली. मृणालिनीला त्या क्षणी दुःखापेक्षा वेगळंच काही वाटत होतं, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटली. तिला जाणून घ्यायचं होतं. शुभाला काय पोचतं आणि काय पोचत नाही? दोन वर्षं जिला मांडीवर खेळवलं, ती पोर कुठल्या जगात राहते, हे आपण एकदाही विचारलं नाही, असं तिला वाटलं.

तो दिवस आणि शनिवार तिनं शोधण्यात घालवला. शुभाची पाठ असेल तेव्हाच बघायचं, तिची सावली तिच्यापुढे पडू द्यायची नाही, वारा तिच्याकडून आपल्याकडे येत असेल असं उभं राहायचं, हे नियम तिनं स्वतःच ठरवले. पितळेची थाळी वाजवली, शुभा वळली नाही. किल्ल्यांचा जुडगा, नाही. कोंबडा आरवला, नाही. मामी उखळात भात सडत होती तेव्हा शुभा घरातून उठून तिच्यापर्यंत आली, पण मामीनं उखळाखाली जाड गोणपाट घातलं तेव्हा ती आली नाही. संध्याकाळी देवाजवळ मामांनी शंख फुंकला. मृणालिनीनं त्यांना तो शुभाच्या उजव्या कानाच्या वीतभर मागे धरून पुन्हा फुंकायला सांगितला. शुभा थांबली. तिनं हात उचलून कानाला लावला आणि मान वळवून शंखाकडे बघितलं. डाव्या बाजूनं फुंकला तर काही झालं नाही. मृणालिनीनं उजव्या बाजूनं आणखी दोनदा फुंकायला लावला. दोन्ही वेळा पोर वळली.

"थोडं आहे," मामा धापा टाकत म्हणाले. "थोडं आहे तिथं काहीतरी."

रविवारी दुपारी अनंत आला. मृणालिनीनं त्याला जेवू दिलं, मग केळींच्या कडेला नेऊन सगळं सांगितलं. त्याला पटलं नाही. तो जिन्याचं बोलला. तिनं लाकडाचं सांगितलं. तो म्हणाला, मूल लक्ष देत नाही आणि तुम्ही लोक त्यावरून काहीही ठरवता. तो तरातरा अंगणात गेला. शुभा त्याच्याकडे पाठ करून मामीच्या सुपातलं धान्य चिवडत होती. त्यानं हाक मारली. पुन्हा मारली. मग आवाज चढवून मारली. शेजारच्या वाडीतला माणूस कुंपणापर्यंत बघायला आला. शुभानं एक दाणा उचलून जिभेवर ठेवला.

अनंत ओट्यावर बसला. त्यानं विचारलं, "मग मी तिला रोज झोपताना गोष्टी सांगतो, त्या?"

"ती तुमच्या तोंडाकडे बघत असते," मृणालिनी म्हणाली. "तुम्ही दिवा बारीक केलात की मग झोपते."

त्यानं मान खाली घातली. ती त्याच्या शेजारी बसून राहिली.  थोड्या वेळानं शुभाच त्याला शोधत आली आणि त्याच्या गुडघ्यांत उभी राहून त्याच्या गालांवरून हात फिरवू लागली. गाल ओले का आहेत, हे तिला बघायचं असावं.

पुढच्या आठवड्यात ते शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेले. कानाच्या डॉक्टरांनी चिमट्यासारखे लोखंडी काटे कानाशी वाजवून, पडद्यामागून घंटा वाजवून तासभर तपासलं. निघालं ते बरंचसं मृणालिनीनं वाडीत शोधलं होतं तसंच. डावा कान जवळजवळ बंद, उजव्यात थोडं शिल्लक. डॉक्टरांनी तिला विचारलं, की उजव्या कानाचं तुम्हाला कुणी सांगितलं? शंखाची हकीकत ऐकून ते हसले नाहीत. त्यांनी ती कागदावर लिहून घेतली. ऐकणं परत येणार नाही, पण बोलायला शिकवता येईल आणि जितक्या लवकर सुरुवात होईल तितकं बरं, असं त्यांनी सांगितलं.

घरी सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता त्या मृणालिनीला म्हणाल्या, "अनंता लहानपणी बोलत नव्हता, तेव्हा त्याला ऐकू येतं की नाही हे मी बघितलंच नव्हतं. त्याला येत होतं, हे नशीब म्हणायचं." मग त्यांनी विचारलं, शुभाशी बोलताना नेमकं काय करायचं? तिच्यासमोर बसायचं, मृणालिनीनं सांगितलं, आणि तोंडावर हात येऊ द्यायचा नाही. त्या दिवसापासून सासूबाई तपकीर ओढायलासुद्धा शुभाकडे पाठ करून बसू लागल्या.

मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत पाच वर्षांखाली घेत नव्हते. पण तिथल्या उत्तराबाई दर गुरुवारी लहान मुलांना आयांबरोबर बोलवून तासभर शिकवत. मृणालिनी शुभाला घेऊन जायला लागली. पहिले काही गुरुवार शुभानं टेबलाखाली बसून काढले.

जूनच्या शेवटी एकदा उत्तराबाईंनी पातळ कागदाची एक पट्टी आपल्या ओठांसमोर धरली आणि म्हणाल्या, "प." पट्टी उडाली. शुभा टेबलाखालून बाहेर आली. "प," बाई म्हणाल्या. पट्टी पुन्हा उडाली. शुभानं पट्टीच्या मागे बघितलं, बाईंच्या मुठीत बघितलं, मग बोट पुढे करून बाईंच्या ओठांना लावलं. वारा कुठून येतो ते तिला सापडलं. तिनं पट्टी ओढून घेतली आणि स्वतःच्या तोंडासमोर धरली. गाल फुगवले. नुसती फुंकर निघाली. बाईंनी मान हलवली आणि आपले ओठ मिटून, उघडून दाखवले. शुभानं ओठ मिटले. बराच वेळ ते तसेच मिटून ठेवले.

"प."

आवाज जाड आणि घोगरा होता. आपल्या मुलीचा असा आवाज मृणालिनीनं याआधी कधी ऐकला नव्हता. पट्टी उडाली. शुभानं आईकडे बघितलंही नाही. तिनं पट्टी सरळ केली आणि पुन्हा ओठ मिटले.