मधल्या ओळी

त्या घरात न्हाणीघरात जायचं तर आधी परीक्षा द्यावी लागे. दारावर एक चिठ्ठी डकवलेली, चिठ्ठीवर एक अवघड शब्द, आणि दाराशी आई.

"'अविरत' म्हणजे?"

"सतत!" खांद्यावर टॉवेल टाकलेले बाबा म्हणाले. "आणि मला अविरत उशीर होतोय. आता आत सोड, बाई!"

परीक्षा खरं तर बाबांची नव्हतीच. ती होती खारीची. खार म्हणजे या घरातली एकुलती एक लेक. एका जागी बूड टेकवून बसली तर शपथ, म्हणून लहानपणीच हे नाव पडलं. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. जीवशास्त्र तोंडपाठ होतं, गणिताशीही बरं जमायचं. पण महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत शब्दसंग्रह आणि उतारावाचन असा एक विभाग होता, आणि प्रत्येक सराव परीक्षेत गाडी तिथेच रुतत होती. त्या विभागात नापास झालं की बाकीचे सगळे गुण पाण्यात!

म्हणून आईने कंबर कसली. ती विमा कचेरीत कामाला होती आणि कुठलंही काम अर्धवट सोडणं तिच्या रक्तात नव्हतं. आरशावर 'दर्पोक्ती', फ्रिजवर 'मितभाषी', चपलांच्या कपाटावर 'उद्विग्न'. अर्थ सांगितल्याशिवाय ताटात दुसऱ्यांदा वाढणं बंद. खार अर्थ घडाघडा सांगायची आणि जेवण झाल्यावर घडाघडा विसरायची. मग नखं कुरतडत घरभर फेऱ्या मारायची.

क्लासमध्ये तर निराळीच तऱ्हा. तिथल्या सरांना मुलं 'तुफान सर' म्हणत. ते फळ्यावर खडू आपटत सांगायचे, "उतारा वाचत बसायचा नसतो, त्याचा फडशा पाडायचा असतो! पहिली ओळ, शेवटची ओळ, की थेट प्रश्न. मधे सगळा भुसा!"

खारीने हा मंत्र असा घोटला की ती सगळंच तसं वाचू लागली. मैत्रिणीने लांबलचक निरोप पाठवून घरातलं दुःख कळवलं. खारीने पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली आणि उत्तर धाडलं, "मस्त! भेटू रविवारी." मैत्रिणीने बोलणं टाकलं. का टाकलं, हे खारीला कळेना. ते मधल्या ओळींत लिहिलेलं होतं.

अशातच अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अण्णा म्हणजे खारीचे आजोबा. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून काढली होती. विंगेत उभं राहायचं आणि नट अडला की त्याचं वाक्य हळूच त्याच्या कानावर घालायचं. अशा माणसाला डॉक्टरांनी वाचन बंद सांगितलं! दुसऱ्या दिवशीच ते कासावीस झाले.

"खारे, साप्ताहिकातली ती गोष्ट तेवढी वाचून दाखव ना."

खार उभ्याउभ्याच वाचू लागली. थोड्याच वेळात ती शेवटाला पोचली.

"थांब थांब," अण्णा म्हणाले. "आत्ता तर तो माणूस गावाला निघाला होता. लगेच रडत परत कसा आला? मधे काय झालं?"

"मधलं महत्त्वाचं नसतं, अण्णा. सर म्हणतात."

अण्णा खो खो हसले. "अगं, आमच्या नाटकात एकदा संहितेची दोन पानं एकमेकांना चिकटली. नायक आजारी पडायच्या आधीच मेला! प्रेक्षकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं. बाळ, लिहिणारा तुझ्याशी बोलत असतो. समोरच्याचं बोलणं आपण मधेच तोडतो का?"

"मला वेळ नाहीये, अण्णा! परीक्षा तोंडावर आलीय!" खार कडाडली.

आतून आईनेही लेकीचीच बाजू घेतली. "अण्णा, तिला आत्ता गोष्टीबिष्टी नकोत हो. तिची पद्धत बिघडेल."

अण्णांनी साप्ताहिक तिच्या हातून घेतलं आणि उशाखाली ठेवलं.

डोळ्यात घालायच्या औषधाच्या दोन बाटल्या आल्या होत्या. आईची कचेरी, बाबांचं रंगांचं दुकान, म्हणून औषध घालायचं काम खारीकडे आलं. सूचनांचा कागद तिने हातात घेतला आणि लगेच टेबलावर ठेवला.

"कळलं. दिवसातून चार वेळा. हात धुऊन."

"बघितलंत?" आई कौतुकाने बाबांना म्हणाली. "अख्खा कागद कसा झटक्यात वाचला! क्लास लावल्याचं सार्थक झालं."

खारीने काम मन लावून केलं, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. एकही वेळ चुकवली नाही. दोन्ही बाटल्या, चार वेळा.

पण अण्णांचं काहीतरी बिनसत चाललं. तोंडाला कोरड पडू लागली. अंथरुणावर बसवेना, उभं राहवेना. आणि एका दुपारी ते भिंतीला धरून उभे राहिले, पडद्याकडे तोंड करून कुणाला तरी वाक्यं सांगू लागले. "बोला, बोला ना! प्रेक्षक खोळंबलेत!"

"अण्णा, कुणाशी बोलताय?"

त्यांनी वळून खारीकडे पाहिलं. "आपण कोण?" त्यांनी विचारलं.

खार फोनकडे धावली. तिने रडत आईला फोन लावला. आई धावत आली आणि दोघींनी अण्णांना दवाखान्यात नेलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी अण्णांना तपासलं, त्यांची नाडी पाहिली आणि विचारलं, "दुसऱ्या बाटलीतलं औषध किती वेळा घातलंत?"

"चार वेळा," खार म्हणाली.

"चार वेळा!" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "ते दिवसातून एकदाच घालायचं होतं! वयस्क माणसाला जास्त झालं तर भ्रम होऊ शकतो, असं कागदाच्या मधोमध छापलंय. वाचलं नाही का कुणी?"

"वाचलं ना," खार हुंदके देत म्हणाली. "पहिली ओळ वाचली. आणि शेवटची."

आईने झटकन मान खाली घातली. "झटक्यात वाचला!" हे स्वतःचेच शब्द तिच्या कानात घुमत होते. अरेरे! कसलं कौतुक केलं आपण! मुलीला शेकडो शब्द पाठ करायला लावले, आणि एक साधा कागद सबंध वाचायला शिकवलं नाही!

अण्णांचं दैव बलवत्तर. वेळेत आणल्यामुळे धोका टळला. ते औषध बंद केल्यावर दोन दिवसांत ते भानावर आले, आणि डोळे उघडल्या उघडल्या म्हणाले, "खारे, अगं तो माणूस रडत का परत आला, ते राहिलंच की!"

खारीने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मी तुमचा जीव घेतला असता, अण्णा."

"घेतला नाहीस ना? मग वाच आता."

खार अंथरुणाच्या कडेला बसली. खरंच बसली! पहिल्या ओळीपासून वाचू लागली. मधेच अडली. "'तो उद्विग्न होऊन अंगणात येरझाऱ्या घालू लागला.' हा तर आपल्या चपलांच्या कपाटावर आहे."

"आणि महिनाभर तू वेगळं काय करतेयस?" अण्णा म्हणाले.

खार रडता रडता हसली. तो शब्द पुन्हा पाठ करावा लागला नाही.

"पण अण्णा, सगळं वाचत बसले तर परीक्षेत वेळ पुरेल का?"

"एकदा नीट ऐकलंस तर दहादा 'काय म्हणालात?' विचारावं लागत नाही. करून तर बघ."

आई दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या उतरल्या. सवयीने बाबा न्हाणीघराच्या दाराशी थांबले, कोऱ्या दाराला "सतत!" असं उत्तर दिलं आणि आत गेले. खारीने आधी मैत्रिणीचा तो निरोप सबंध वाचला आणि तिच्या घरी जाऊन माफी मागितली. मग रोज संध्याकाळी वाचन सुरू झालं. खार वाचायची, अण्णा ऐकायचे, आणि आई भाजी निवडता निवडता विचारायची, "मग पुढे?"

परीक्षेत खारीने उतारे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. निकाल लागला. प्रवेशाच्या यादीत तिचं नाव पहिलं नव्हतं, शेवटचंही नव्हतं. ते शोधायला आईला अख्खी यादी वाचावी लागली, आणि तिने ती आनंदाने वाचली.

मंडळी, परीक्षा हव्यातच, आणि मुलांनी त्या जिंकाव्यातही. पण वाचायचं ते समजून घ्यायला, उरकायला नव्हे. घाई आपणच मुलांच्या हाती देतो आणि मग तिला हुशारी म्हणतो. आणि तुमच्यापैकी कुणी पहिली ओळ वाचून थेट या शेवटच्या ओळीवर आलं असेल, तर कृपा करून मागे फिरा. मधे एक म्हातारा माणूस भिंतीला धरून उभा आहे.