सतरंजीखालचं भोक

वर्गातल्या व्यासपीठाची फळी कुजलीय, असं कायद्याच्या बाईंनी हेडसरांना दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगण्याआधीच फळी मोडली आणि बाईंचा पाय प्लास्टरमध्ये गेला. धावत आलेले हेडसर साऱ्या वर्गादेखत म्हणाले, "चालताना खाली बघावं माणसानं!"

बाई कुबडी घेऊन परतल्या, तेव्हा डोक्यात नुसता जाळ होता. फळी काही बदलली नव्हती. भोकावर नवीकोरी सतरंजी मात्र अंथरली होती.

"आजचा धडा निष्काळजीपणा," बाई कुबडी आपटत म्हणाल्या. "धोका माहीत असून जबाबदार माणूस हातावर हात ठेवून बसला आणि दुसऱ्याला लागलं, तर भरपाई त्यानंच द्यायची. आता ही सतरंजी बघा."

हेडसर ताडताड आत आले. "पोरांना फूस लावता? काय धाड भरलीय व्यासपीठाला?" म्हणत ते वर चढले. भोक इतकं बेमालूम झाकलं होतं, की झाकायला लावणाऱ्यालाही ते आठवेना. त्यांनी दाणकन पाय आपटला. "बघा, ठणठणीत..."

आणि सतरंजीसकट ते मांडीपर्यंत आत गेले.

"सर, चालताना खाली बघावं माणसानं," मागच्या बाकावरची भोचक पोरगी म्हणाली. वर्ग खो खो हसला.

बाई हसल्या नाहीत. "गप्प! चूक डोळ्यांची नव्हे. सर, फळी कुणी बदलायची होती?"

"शाळेनं! म्हणजे... मी, बाई, मीच! ओढा आता!"

"माझा पाय मोडला तेव्हा हे का नाही सुचलं?" बाईंचा आवाज चिरकला. मग त्यांनी कुबडी पुढे केली. "धरा."