कौसल्याची स्लाइड

आरोग्य प्रचाराच्या जीपवर मी स्लाइड प्रोजेक्टर चालवायचो, आणि माझ्या तिरसटपणाची ख्याती भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत होती. मशीनमधला दिवा अडीचशे वॅटचा. त्याच्या उष्णतेनं स्लाइडची फिल्म आधी फुगते, मग करपते. म्हणून मनात वीस मोजून मी स्लाइड बदलायचो. कुणी "थांबा की जरा" म्हटलं की त्याच्या अंगावर खेकसायचो.

सत्त्याऐंशी साली वडीगोद्रीच्या शाळेत भर दुपारी कार्यक्रम होता. खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केला होता. सरपंच सर्जेरावांनी रिवाजाप्रमाणे सत्कार उरकला. नारळ माझ्या हातात, शाल मशीनवर. मशीन सरकारी, म्हणून त्याचा मान मोठा! पंख्याची जाळी झाकली की मशीन तापतं. एरवी मी ती शाल तिथल्या तिथं काढली असती. पण तेवढ्यात एक म्हातारी माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"साहेब, मी साखराबाई. सुई टोचायच्या फोटूत माही कौसल्या हाये म्हन्त्यात, लेकरू मांडीवर घेतलेली. दोन साल झाले तिला जाऊन. दुसरा फोटू न्हाई तिचा. जरा तोंड बघू द्या."

लसीकरणाची ती स्लाइड माझ्या रोजच्या हाताखालची. त्या बाईला काही नाव असेल, हे कधी माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला लाज वाटली.

कौसल्या पडद्यावर आली. साखराबाई पडद्याला अगदी खेटून उभी राहिली. वीस झाले, आणि मी मोजणंच सोडून दिलं. थोड्या वेळानं चेहरा धूसर झाला. मी भिंग पुढंमागं करून तो पुन्हा स्पष्ट केला. फिल्म फुगतेय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मग पदरापाशी एक तपकिरी डाग उठला आणि वर सरकू लागला.

"काय व्हऊन राह्यलं, साहेब?"

"तापली. जळायला लागली," मी बोलून गेलो.

ती किंचाळली. "काढा! जल्दी काढा तिला! एकदा जळाली ती सासरी, स्टोव्हवर. तव्हाबी पदरच पेटल्ता आधी."

मी शाल भिरकावली आणि उघड्या बोटांनी स्लाइड ओढून काढली. बोटं पोळली, पण चेहरा वाचला होता. फुंकर मारून मी ती गार केली, खिडकीचं गोणपाट बाजूला सारलं.

"मावशी, अशी उजेडाकडं धरा. दिवा लागत नाही."

तिनं आधी स्लाइडच्या चौकटीला हळूच बोट लावून पाहिलं. "गार झाली का ही?"

"झाली."

मग ती स्लाइड डोळ्यांसमोर धरून तिथंच खाली बसली आणि रडली. मलाही आवरलं नाही. कार्यक्रम तिथंच संपला.

स्लाइड परत मागायची माझी छाती झाली नाही. जालन्याच्या ऑफिसात कमी झालेल्या प्रत्येक स्लाइडपुढं रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागे, आणि मी आजवर एकच कारण लिहीत आलो होतो: जळाली. त्या दिवशी पेन कागदावर टेकवला, पण हात चालेना. शेवटी "हरवली" असं लिहिलं. निष्काळजीपणाबद्दल मेमो आला. तो मी मुकाट्यानं सही करून घेतला.